चुन्याच्या खुणा

रामकिसन हवालदाराचा देवावर बेताचाच भरवसा होता, माणसांवर त्याहून कमी. पण स्वतःच्या कानांवर मात्र तो डोळे मिटून विश्वास टाकी. महायुद्धात इटलीत सुरुंग शोधायच्या पलटणीत होता ना! कान चुकला असता, तर पेन्शन खायला औरंगाबादेत परतलाच नसता.

लष्कराने भंगारात काढलेलं सुरुंग शोधायचं एक यंत्र त्याने लिलावातून उचलून आणलं होतं. लांब दांडा, टोकाला ताटलीएवढी चकती, पाठीवर बॅटरीची पेटी आणि कानांवर बसवायचे दोन गोल डबे. जमिनीत धातू असला, की डब्यांतली घरघर चढत जाऊन तिची शीळ होई. छावणीतली पोरं त्याला ताटलीवाला म्हणून चिडवत. चिडवोत बापडी, पोलिस ॲक्शननंतर त्याच ताटलीला बरकत आली होती. रझाकारांच्या धामधुमीत लोकांनी निजामी हाली रुपयांची गाडगी शेतात पुरली आणि जीव घेऊन पळाले. परत आले तेव्हा कुणाला जागा सापडेना, तर कुठे पुरणाराच परतला नव्हता. अशा घरांतून हवालदाराला बोलावणं येई. बहुतेक वेळा नांगराचे तुटके फाळच निघत, पण गंगापूरकडे दोनदा आणि फुलंब्रीत एकदा खरंच गाडगं निघालं होतं.

अजिंठ्याच्या म्हाळसाबाईचा निरोप आला, तेव्हा हिवाळा लागला होता. बाजरी निघून रानं मोकळी झाली होती. म्हाळसाबाई मेंढरांवाल्या घरातली. चाळिशीची, काटक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. तिचा मुलगा त्रिंबक कुदळ घेऊन बाजूला उभा होता. महिन्याभरात त्याचं लग्न होतं.

"रुपयं निघाले तर निघाले, नाय तर नाय," ती म्हणाली. "मला माझे देव पायजेत, भाऊ."

रझाकार आले त्या दिवशी तिने हाली रुपये आणि देव्हाऱ्यातले चांदीच्या पत्र्यावर उठवलेले टाक एका तांब्याच्या चंबूत भरले होते. खंडोबा, म्हाळसा, बाणाई, भवानी आणि सासऱ्यांचा वीर, असे पाच. घरातला पुरुष घात होऊन गेला, की त्याच्या नावाचा टाक घडवून देवांत बसवतात, त्याला वीर म्हणतात. चंबूचं तोंड लाखेनं बंद करून तिने त्यावर स्वतःची नक्षीची बांगडी दाबली होती. चंबू पुरायला नवरा, सोनाजी, बांधावरच्या बाभळीकडे गेला. "तुम्ही व्हा पुढं, मी मेंढरं घेऊन आलोच," एवढं सांगून. ती पोराला घेऊन घाट उतरली आणि खानदेशात गेली. सोनाजी काही आला नाही. मेला असं सांगणाराही कुणी आला नाही. सात वर्षं ती कुंकू लावत होती आणि बायका पाठीमागे कुजबुजत होत्या.

"नवे टाक घडवून घ्या की सोनाराकडून," हवालदार म्हणाला.

"जुने देव अंधारात अन् आपण मांडवात? बरं दिसतं का ते?" ती म्हणाली. "देव नसले तर जागरण कुणापुढं घालू?"

हवालदाराने पेटी पाठीवर चढवली.

बाभळीचं आता नुसतं खोड उरलं होतं. दुपार कलली तेव्हा तिथे शीळ लागली. लोखंडाची खरखरती नव्हे, चांगली गोल आणि भरलेली. त्याने चुन्याची फक्की टाकून खूण केली. त्रिंबकने कंबरभर खणलं, पण खाली मुरूम लागला आणि चंबू काही निघाला नाही. हवालदाराने पुन्हा कान लावला. खड्डा गप्प होता. शीळ येत होती ती पलीकडून, दोन पावलं हटून.

दुसरी खूण केली, दुसरा खड्डा घेतला. तोही कोरडाच. शीळ आणखी पुढे गेली होती.

"काळी जमीन लई लबाड असती," तो त्रिंबकला म्हणाला. "दगडातसुद्धा लोखंड असतंय."

स्वतःला मात्र त्याने वेगळंच सांगितलं: पोरगं चेष्टा करतंय, धोतरात काहीतरी लपवून फिरतंय. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने त्रिंबकला घाटाखाली फर्दापूरला धाडून दिलं, बॅटरी बदलली, खिशातली किल्लीसुद्धा काढून ठेवली आणि एकट्याने सुरुवात केली.

शीळ आदल्या खुणेपाशी नव्हती. पुढे होती. त्याने फक्की टाकली, पाणी पिऊन आला आणि पाहिलं तर ती आणखी पुढे सरकलेली. भोवतालची माती दवाने दबलेली होती. तिच्यावर त्याच्या बुटांखेरीज कशाचाच ठसा नव्हता. चौथ्या दिवशी त्याने खणणं सोडून दिलं. शीळ जाईल तशी नुसती फक्की टाकत राहिला.

संध्याकाळी बांधावर बसून त्याने विडी पेटवली आणि त्या पांढऱ्या खुणांकडे पाहिलं. विडी तशीच विझली. खुणा सरळ नव्हत्या. एक लांब पडलेली, दुसरी जवळ आणि डावीकडे सरकलेली, मग पुन्हा एक लांब. पलटणीत त्याने पाय अधू झालेली माणसं पाहिली होती. पाठीमागे म्हाळसाबाई कधी येऊन उभी राहिली, ते त्याला कळलंच नाही.

"मालकांचा डावा पाय लहानपणी मोडला होता," ती हळूच म्हणाली. "वाकडाच बसला."

त्याने विझलेली विडी कानामागे खोचली.

"ह्या खुणा घराकडं येत्यात का, भाऊ?"

"व्हय."

ती वळली आणि भराभरा घराकडे गेली. घाबरलेल्या बाईची ती चाल नव्हती. हवालदाराला वाटलं, सणाला माहेरचं माणूस येणार असलं की बाया अशाच लगबगीने चालतात.

पाचव्या दिवशी सकाळी अंगण सारवलेलं होतं. उंबऱ्यावर रांगोळी होती. दहाच्या सुमाराला शीळ उंबऱ्यापाशी येऊन थांबली. त्रिंबक परत आला होता आणि भिंतीला टेकून उभा होता. हवालदाराने दांडा दोन्ही हातांनी धरला. इटलीत तशी वेळ एकदाही आली नव्हती.

म्हाळसाबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसाला ओवाळतात तसा तिने तो तुकडा ओवाळला.

समोर कुणीच नव्हतं.

तिने उंबऱ्यावर पाणी ओतलं आणि तुकडा लांब फेकला.

तेवढा वेळ शीळ बंद झाली. घरघरसुद्धा बंद झाली. डब्यांतून फक्त धाप ऐकू आली, ओझं घेऊन चढण चढून आलेल्या माणसाची असते तशी.

मग शीळ पुन्हा लागली. आता ती घराच्या आत होती.

रिकाम्या देव्हाऱ्याखाली ती स्थिरावली. त्रिंबकने कुदळ घातली आणि वीतभरावर खण्ण आवाज झाला.

"हे घर आम्ही तीन वर्षांमागं बांधलंय," तो कसाबसा म्हणाला. "जुनं जाळलं होतं त्यांनी. हा पाया मीच खणलाय, काका."

चंबू हिरवा पडला होता. तोंडावर लाख तशीच होती, कुठे तडासुद्धा नव्हता आणि तिच्यावर बांगडीची नक्षी होती. म्हाळसाबाईने हातातली जुनी बांगडी तिच्यावर ठेवून पाहिली. वेलीला वेल बरोबर बसली.

तिने लाख फोडली. हाली रुपये घोंगडीवर ओतले, पण त्यांच्याकडे कुणी पाहिलंही नाही. एकेक टाक ती कपाळाला लावून पाटावर मांडू लागली. खंडोबा, म्हाळसा, बाणाई, भवानी, सासऱ्यांचा वीर. पाचही काळे पडले होते.

"आले," ती म्हणाली आणि तिला हुंदका आला. त्रिंबकही हसत हसत डोळे पुसू लागला. हवालदाराच्या छातीवरचा दगड उतरला. लग्नाला देव आले होते. कसे आले, ते गेलं उडत.

मग चंबू उपडा करताना तळाशी काहीतरी वाजलं.

सहावा टाक होता. चांदी कालच घडवल्यासारखी लखलखत होती. त्यावर एक माणूस होता, खांद्यावर घोंगडी, हातात काठी आणि डावा पाय आत वळलेला.

बाहेर मेंढरं ओरडत होती.

"लई उशीर केलात," म्हाळसाबाई त्या टाकाला म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार होती, भीती नव्हती. कपाळावरचं कुंकू तिने अंगठ्याने पुसून घेतलं आणि त्याला लावलं. "पण पोराच्या लग्नाला आलात."

त्याला पाटावर बसवण्याआधी तिने पदराचं टोक भिजवलं आणि त्याचा वाकडा पाय हलकेच पुसला.

पदराला ओला चुना लागला.