लाल ठिपक्याच्या चकत्या

मृत्यूनंतर माणसाचं काही उरतं का, या प्रश्नाने जगभरातल्या ज्ञानी लोकांची झोप उडवली आहे. त्याचं उत्तर मला मिळालेलं आहे.

ते एका शनिवारी दुपारी मिळालं. पत्र्याच्या शेडमध्ये. रबराच्या आठ चकत्यांकडून.

हसू नका. यातला शब्दन् शब्द खरा आहे. थट्टेखोर म्हणून माझी ख्याती आहे हे मला ठाऊक आहे, आणि त्या ख्यातीनेच पुढे सगळा घोळ घातला.

आमच्या भावोजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याने, दोघं बसतील एवढं विमान स्वतः बांधलंय. सुटे भाग खोक्यांतून येतात, ते जोडत बसायचं. सात वर्षं लागली. जोडीला शेजारचे घड्याळजी होते. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. कुठलाही भाग बसवण्याआधी त्यावर हळूच फुंकर मारायचे. धूळ असो वा नसो.

विमानाच्या पंखावरसुद्धा मारायचे. पंख चार माणसांनी उचलायचा होता.

आठ महिन्यांपूर्वी घड्याळजी गेले. शांतपणे, झोपेत.

त्यानंतर विमानाचं इंजिन फार थरथरायला लागलं.

इंजिन आणि विमानाचा सांगाडा यांच्यामध्ये रबराच्या जाड चकत्या असतात. चार बोल्ट, प्रत्येकाला दोन चकत्या, एक पुढे, एक मागे. थरथर त्यांनी गिळायची. आमच्या चिरल्या होत्या. नव्या घ्यायला गेलं तर दोन प्रकार. निळ्या ठिपक्याच्या मऊ, लाल ठिपक्याच्या कडक. भावोजींनी दोन्हींचे खोके आणले.

आणि दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझी बहीण पहिल्यांदाच त्या विमानात बसणार होती.

"सगळ्या मऊ लावू," भावोजी म्हणाले. "तिची कंबर आधीच दुखते. गादीवर बसल्यासारखं वाटलं पाहिजे."

"घड्याळजींनी कुठल्या लावल्या होत्या?"

"जुन्यांवरचे ठिपके पुसले गेलेत. आणि त्यांचं काय घेऊन बसलात दादा, घड्याळवाला माणूस. त्यांना टिकटिक चालायची."

आठ निळ्या चकत्या त्यांनी टेबलावर मांडल्या. वरच्या दोन बोल्टांच्या चकत्या वरच्या ओळीत, खालच्या दोनांच्या खालच्या ओळीत. नव्या रबरावर पांढरी भुकटी असते, टाल्कम पावडरीसारखी. हात तिनेच माखले. ते धुवायला भावोजी बाहेर गेले. मी टेबलाकडे पाठ करून शब्दकोडं सोडवत बसलो.

फू...

मला वाटलं, वारा.

पण बाहेर पान हलत नव्हतं.

वळून पाहिलं. कुणी नाही. फक्त हवेत थोडी पांढरी भुकटी... हळूहळू खाली बसत होती.

भावोजी आले आणि दारातच थबकले.

"दादा, हे काय?"

आठांपैकी चार निळ्या चकत्या जागेवर नव्हत्या. त्या खोक्यात परत गेल्या होत्या, नीट रचून. त्यांच्या जागी चार लाल. वरच्या बोल्टांना लाल चकती पुढे, खालच्यांना मागे.

आणि त्या चार लाल चकत्यांवर भुकटीचा कणही नव्हता.

"वय काय, करता काय!" भावोजी म्हणाले.

"मी सहा आडवावर अडकलो होतो हो!"

"उद्या तुमची सख्खी बहीण बसणार आहे यात. हा काय चेष्टेचा विषय आहे?"

त्यांनी पुन्हा निळ्या मांडल्या. बोल्ट मापाने आवळायचा पाना घरी राहिला होता. तो आणायला निघाले. शेडला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली, ती फाटक्या खिशातून थेट चपलेवर पडली. नाइलाजाने माझ्याकडे दिली.

"इथेच बसा. दाराबाहेर. आत पाऊल टाकलंत तर बघा."

मी दाराला पाठ लावून बसलो.

दहा मिनिटं काही नाही.

मग आत... खोक्याचं झाकण सरकलं.

फू...

मी कुलूप चाचपलं. लागलेलंच होतं.

फू... फू...

चौथी फुंकर दाराच्या फटीतून आली. माझ्या मानेवर. गार.

भावोजी परतले तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे उभा होतो. त्यांनी कुलूप उघडलं. टेबलावर पुन्हा चार लाल ठिपक्याच्या चकत्या. भुकटी उडालेल्या, लख्ख काळ्या.

"घड्याळजी आहेत आत," मी म्हणालो.

"किल्ली कुणाकडे होती?"

"माझ्याकडे."

"मग झालं तर!"

मला छापील पुराव्याने गप्प करायचं म्हणून त्यांनी विमानाचं माहितीपुस्तक काढलं. पान उघडलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं. मग स्टूल ओढून हळूच खाली बसले.

"दादा... सगळ्या मऊ लावल्या तर इंजिन खाली झुकतं. धुराची तापलेली नळी पेट्रोलच्या नळीला टेकते." त्यांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवलं. "प्रत्येक बोल्टाला एक मऊ, एक कडक. कडक वर पुढे, खाली मागे."

आम्ही दोघांनी टेबलाकडे पाहिलं.

तशाच होत्या.

रविवारी बहीण भावोजींबरोबर वीस मिनिटं उडून आली. उतरली ती हसतच.

"कंबर?" भावोजींनी विचारलं.

"अहो, तुम्ही विचारलंत तेव्हा आठवलं मला कंबर आहे ते!"

मग भावोजींनी जमलेल्या सगळ्यांना सांगितलं, की दादांनी पुस्तक आधीच वाचलं होतं. आपल्याला कमीपणा येऊ नये म्हणून चेष्टेच्या बहाण्याने त्यांनीच चकत्या बदलल्या. बहिणीने माझे दोन्ही हात धरले. तिचे डोळे भरले होते.

"दादा, तू नसतास तर..."

खरं सांगायची वेळ तीच होती. मी तोंड उघडलं.

"असू दे गं," म्हणालो.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला आवडलं.

त्या दिवसापासून माझं मनगटी घड्याळ रोज दहा मिनिटं मागे पडतं. तीन दुकानांत दाखवलं. तिघांनी सांगितलं, घड्याळात काहीच दोष नाही. परवापासून भिंतीवरचंही मागे पडायला लागलंय. काल शेजाऱ्यांकडे चहाला गेलो, तर तासाभरात त्यांचंही.

हे काय आहे, मला ठाऊक नाही. विचारायची हिंमत नाही.

तेव्हा एकच विनंती. वाचकांपैकी कुणी त्या बाजूला जायला निघालंच असेल, तर घड्याळजींना माझा एवढा निरोप द्या, की चकत्या तुम्हीच बदलल्यात, मी चारचौघांत कबूल करायला तयार आहे.

घाई नाही. सवडीने जा.