पाकिटातली हसरी नटी

"चोर सापडला!" हर्षाली धापा टाकत ओरडली. "शांतलिंगमामांच्या पानटपरीवर आजींचं चित्र लावलंय!"

उत्कर्षनं हातातला झाडू टाकला. दिवाळीच्या सुट्टीत ही भावंडं शेजारच्या महानंदाआजींकडं साफसफाईला आली होती. आजींची आई नाटक कंपनीत नटी होती. आजी पाळण्यात असतानाच ती गेली. तिचं एकुलतं एक छोटं चित्र देवाच्या फळीवर असायचं, अन् तेच आज गायब! आजी सकाळपासून जेवल्याही नव्हत्या.

दोघं येरमाळ्याच्या स्टँडकडं पळाली. टपरीत, काचेच्या चौकटीत तीच नऊवारी, मांडीवर तोच तंबोरा!

"मामा, हे आमच्या आजींचं आहे!" हर्षाली म्हणाली.

शांतलिंगमामा हसले. "आरं, माझे आजोबा हितंच सिगारेटी विकायचे. तवा पाकिटात असं नटीचं चित्र फुकट यायचं. चित्रापायी लोक तोच छाप घ्यायचे! हजारोंनी छापलेली ती. घरी डब्यात अजून हायत की!"

चोर कसला नि काय! हर्षालीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चुकलं मामा," ती पुटपुटली.

घरी येऊन उत्कर्ष कपाटाला टेकला आणि एकदम सरळ उभा राहिला. "हर्षे, हे कपाट काल डुगडुगत होतं ना?"

"व्हय की! आज जरा बी हलंना!"

आजींचा मुलगा भागवतकाका डोकं खाजवत म्हणाले, "मीच पायाखाली पुठ्ठा सारला. फळीखाली पडला होता."

"काका!"

काकांनी कपाट उचललं. पुठ्ठा निघाला, ते चित्रच होतं! आजींनी ते छातीशी धरलं. पण त्यावर चेहराच नव्हता. रोज कुंकू लावून आणि पुसून तो कधीच झिजून गेला होता.

हर्षालीला डब्यातली चित्रं आठवली. ती पुन्हा टपरीकडं पळाली. मामांनी सायकल काढून घरून एक कोरं करकरीत चित्र आणून दिलं.

आजींनी ते उजेडात धरलं. "आगं, आई हसतीया की गं! गालाला खळी बी हाय! मला ठावंच नव्हतं!"

भागवतकाका ओशाळले. "पोरांनो, तुमी लई मोठं काम केलं. म्या तर माझ्या आज्जीलाच कपाटाखाली घातलं होतं!" त्यावर आजीसुद्धा हसल्या आणि जेवायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजींनी जुन्या चित्राला कुंकू लावलं. नव्याकडं त्यांनी बोट नेलं आणि तसंच मागं घेतलं.

"हिला न्हाय लावत," त्या म्हणाल्या. "हिला नुसतं बघायचं."