पुण्याचा निरोप

नव्याण्णव साल. कुरुंद्याची एसटी चुकली म्हणून रागिणी वसमतच्या स्टँडसमोर अंगदच्या एसटीडी बूथात शिरली... आणि मग रोजच येत राहिली. ताऱ्यांवरचा प्रबंध पुरा करायला ती पुण्याहून कुरुंद्याला घरी आली होती. दुपारी तीनला पुण्यातल्या प्रभूला, संशोधनातल्या सोबत्याला, फोन लावायची अन् काचेआड खळखळून हसायची. ते हसू अंगदला कुसळासारखं टोचायचं.

"एवढं काय बोलून राहता?" एकदा त्यानं विचारलंच.

"दोन विझलेल्या ताऱ्यांबद्दल. इतके जवळ आहेत, की दीड तासात एकमेकांभोवती फेरी मारतात."

"मंग तिसऱ्यानं कुठं जावं?"

ती गालात हसली. "तिसरा दांडगा असला, तर एकाला ओढून घेतो. दुसरा असा भिरकावला जातो... की आकाशगंगाच सोडून पळतो!"

दांडगं व्हावं तरी कसं, याच विचारात अंगदचे दोन दिवस गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळीच प्रभूचा फोन. "रागिणीची जर्मनीला निवड झालीय. उद्या दुपारपर्यंत होकार हवाय, तिला सांगा. आम्ही दोघंही जातोय!"

दोघंही!

घरी काढणीची हळद शिजत होती, म्हणून रागिणी त्या दिवशी आली नाही. कुरुंद्याची दहा माणसं स्टँडवर दिसली. निरोप धाडायला अंगदनं एकालाही हाक मारली नाही.

दुसऱ्या सकाळी मात्र त्याची त्यालाच लाज वाटली. फटफटी काढून तो थेट तिच्या मळ्यात गेला. निरोप सांगितला आणि मान खाली घातली. "कालच आला होता. मीच दाबून ठेवला."

"काहून?"

"तुमी त्याच्यासंग जाल म्हून... जळून राहिलो हो मी. लई दिवसांपासून."

तिचे डोळे भरून आले — रागानं. ती फटफटीवर मागं बसली. साडेअकराला पुण्याला होकार गेला.

"चार वर्षांची मेहनत होती माझी, अंगद," ती बूथाबाहेर येऊन म्हणाली.

"माफी मागायलाबी तोंड न्हाई मला."

तिनं फोनचे पैसे त्याच्या हातात ठेवले. मग हळूच म्हणाली, "दिवाळीत प्रभूनं लग्नाचं विचारलं होतं मला. मी नाही म्हणाले."

"मंग... रोज हसत काहून होता?"

"तुमचं नाव घेऊन चिडवायचा तो!" ती लाजली, आणि लाजल्याचा पुन्हा राग आला तिला. "मी जाणारच. दोन वर्षं. थांबाल?"

"थांबतो की! पर... तो तिथं असंल न्हवं?"

"असेल."

"रोज?"

"रोज."

अंगदनं फटफटीची किल्ली खिशात टाकली.

"थांबतो," तो म्हणाला.