मूर्तिजापूरच्या पुढचा पिच्चर

श्रावणातला पाऊस एसटीच्या बाहेर जितका पडतो तितकाच आतही पडतो, हे अकोला–अमरावती अप-डाऊन करणाऱ्या कुणालाही विचारा. त्या सकाळी दामिनीच्या खिडकीतून पाण्याची बारीक धार अशी काही नेम धरून गळत होती, की बस अकोल्याच्या बाहेर पडेपर्यंत तिची अर्धी ओढणी भिजून गेली. तिने मागे वळून पाहिलं. एकच जागा रिकामी होती. शेजारी एक उंच, सावळा तरुण मांडीवर गुलाबाची कलमं घेऊन बसला होता, आणि तान्हं बाळ सांभाळावं तशी ती सांभाळत होता.

दामिनी तिथे जाऊन बसली. कानात इअरफोन घातले, मोबाइलवर कालचा अर्धवट राहिलेला सिनेमा लावला आणि जगाला विसरली. पण जग तिला विसरलं नव्हतं. बऱ्याच वेळाने शेजारून आवाज आला.

"या पिच्चरले आवाज नाई का?"

"आहे की."

"मंग कोनी बोलून काहून नाई राहिलं? भांडन झालं का त्याईचं?"

दामिनीला हसू आलं. खरं तर परक्या माणसाने आपल्या मोबाइलमध्ये डोकावलं की तिच्या कपाळाला आठी पडायची. पण हा इतक्या काळजीने विचारत होता, की पडद्यावरच्या त्या नवरा-बायकोचं भांडण मिटवायला आता उठून जाईल असं वाटावं. तिने एक इअरफोन काढला, ओढणीच्या कोरड्या टोकाला पुसला आणि... त्याच्या हातात दिला.

इथून हे प्रकरण सुरू झालं.

त्याचं नाव रोहित. अकोल्याच्या वेशीवर त्यांची भाजी-फुलांची बाग होती आणि मूर्तिजापूरला त्याने स्वतःची रोपवाटिका काढली होती. म्हणजे तो रोज मूर्तिजापूरला उतरायचा. दामिनी पुढे अमरावतीपर्यंत जायची. तिथल्या एका दवाखान्यात ती फिजिओथेरपिस्ट होती. आखडलेले गुडघे वाकवायचे, धरलेले खांदे सोडवायचे, आणि पेशंटने भीतभीत विचारलं, "लय दुखन का हो?" की गोड हसून म्हणायचं, "छे, अगदी थोडंसं." दुखायचं भरपूर. पण हे वाक्य तिच्या जिभेवर असं बसलं होतं, की ते खोटं आहे हे तीही विसरून गेली होती.

सिनेमाच्या बाबतीत मात्र दोघांचं एका शब्दानेही जमत नव्हतं. तिचा देव म्हणजे भास्कर अंधारे. या दिग्दर्शकाने आयुष्यभर संथ, अबोल आणि शेवटी काळजाला घरं पाडणारे सिनेमे काढले होते. रोहितचा देव दक्षिणेतला वीरराजू. त्याचा नायक धावत्या मालगाडीवरून उडी मारून पलीकडे उतरायचा आणि त्याच्या शर्टाला चुणी पडायची नाही. दामिनीने ही चूक काढून दाखवली, तेव्हा रोहित शांतपणे म्हणाला, "इस्तरी चांगली असन." उलट त्याचा सवाल असा, की तुमच्या अंधारेची बाई नळावर घागर भरते, तर ती भरेपर्यंत आपण काहून बसायचं? दामिनी म्हणाली, घागरीकडे नका पाहू, बाईकडे पाहा. दुसऱ्या दिवशी तो बसमध्ये चढला तो हेच सांगत. सकाळी त्याची माय टाकी भरत उभी होती. तो पाच मिनिटं तिच्याकडे बघत राहिला, आणि जन्मात पहिल्यांदा त्याच्या लक्षात आलं, की पाणी भरताना ती कुणाशी तरी मनातल्या मनात बोलत असते... दामिनी त्या दिवशी दवाखान्यात दिवसभर गुणगुणत होती.

अडचण एकच होती. अर्धा सिनेमा झाला न झाला, की मूर्तिजापूर यायचं. रोहित इअरफोन परत करून उतरायचा आणि दामिनीला काही धीर निघायचा नाही. उरलेला ती एकटीच पाहून टाकायची. मग दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "मंग? पुढं काय झालं?" तुम्ही घरी का नाही पाहत, असं तिने एकदा विचारलं. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "पायता येते. पन तुमी सांगता तवा जास्त दिसते." दामिनीने मग पुन्हा कधी विचारलं नाही.

पहिलं खोटं ती बोलली, त्या सकाळी रोहितचा चेहरा उतरलेला होता. रात्रीच्या पावसाने वाफ्यांत पाणी साचून मिरचीची सगळी रोपं सडली होती. आदल्या दिवशीच्या सिनेमात म्हाताऱ्याचा हरवलेला बैल होता. रोहितने विचारलं, "सापडते ना त्याले बैल?" बैल सापडत नव्हता. म्हातारा रिकामा कासरा घेऊन घरी येत होता. दामिनीने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि दवाखान्यातलं ते गोड हसू आपोआप ओठांवर आलं. "सापडतो की," ती म्हणाली. "म्हातारा दार उघडतो, तर बैल आधीच गोठ्यात."

रोहित असा खुलला, की तिला वाटलं, बरं झालं. मग काय, एकदा पाय घसरला की घसरलाच. अंधारे ज्याला मारायचा त्याला दामिनी जगवू लागली. तो ज्यांची ताटातूट करायचा त्यांना ही स्टेशनवर गाठून द्यायची. शेवट रचताना तिला मूर्तिजापूर ते बडनेरा हा रस्ताही अपुरा पडायचा. आणि रोहित? तो अंधारेचा भक्त होऊन बसला. रोपं घ्यायला येणाऱ्यांना मोगऱ्याबरोबर अंधारेही देऊ लागला. माणूस रडवत रडवत नेतो, पण शेवटी पदरात सुख टाकतो, असं तो ज्याला त्याला सांगायचा. हे ऐकलं की दामिनी खिडकीबाहेर बघू लागायची. पण खरं सांगितलं, तर हे रोजचं "मंग?" बंद होईल... आणि त्याशिवाय सकाळ कशी असते हे ती आता विसरली होती.

एका शनिवारी त्याने खिशातून तीन पास काढले. अकोल्यात रविवारी दुपारी एका सभागृहात अंधारेचा 'पलीकडचा दिवा' दाखवणार होते. तो त्यांनी अर्धा बघितलेला होता, आणि उरलेला दामिनीने आपल्या पद्धतीने सांगितला होता. नदीकाठची बाई, दूर धरणाच्या कामावर गेलेला नवरा, आणि रोज संध्याकाळी तिने लावलेला दिवा.

"तीन कशाला?" दामिनीने विचारलं.

"मायले आनतो." तो इअरफोनची वायर बोटाला गुंडाळू लागला. "बाबा गेल्यापासून तिनं टाकीजमधी पाय नाई ठेवला. म्हंते, उगाच रडाले काहून जाऊ? मी सांगतलं, याच्यात नवरा वापस येते. तवा कुठं तयार झाली." मग जरा थांबून, आवाज खाली आणून म्हणाला, "अन... तिले तुमाले पायचंबी आहे."

दामिनीचे कान तापले. आनंदाने तापले, भीतीनेही तापले. कारण 'पलीकडचा दिवा'मध्ये नवरा परत येत नव्हता. येत होती ती त्याची पिशवी, एका परक्या माणसाच्या हातून. ती तोंड उघडणार, तोच मूर्तिजापूर आलं. रविवारी सकाळपासून तिने मोबाइलवर किती वेळा लिहिलं आणि किती वेळा पुसलं, ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी वेळेवर जाऊन ती सभागृहाच्या दारात उभी राहिली.

रोहितची आई मैनाबाई ठेंगण्या, कोऱ्या लुगड्यात अवघडलेल्या. त्यांनी दामिनीला वरपासून खालपर्यंत निवांत न्याहाळलं आणि "डबा घेऊन जातं का बाई रोज?" एवढंच विचारलं. त्या दोघांच्या मध्ये बसल्या. दिवे मालवले. दामिनीला सिनेमा दिसतच नव्हता. मधेच वीज जावी, मशीन बंद पडावं, असं तिला सारखं वाटत होतं. एकदा तर ती कुजबुजलीसुद्धा, बाहेर चहा घेऊ या का? मैनाबाईंनी पडद्यावरची नजर न काढता तिच्या हातावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

परका माणूस आला. त्याने पिशवी उंबऱ्यावर ठेवली. बाईने ती उचलून आत नेली, आणि बाहेर येऊन दिव्यात तेल घातलं. संपलं.

दिवे लागले तेव्हा रोहित पडद्याकडे बघत नव्हता. तो दामिनीकडे बघत होता. तिने मान खाली घातली. मैनाबाईंचे गाल ओले होते. पदराने डोळे पुसून त्या संथपणे म्हणाल्या, "रोह्या म्हनला होता, तो वापस येते. तो आला असता ना, तं मी उठूनच गेले असते बाई. माहा नाई आला. तिचा बरा आला, असं वाटलं असतं."

दामिनीला भर उजेडात कुठे लपावं कळेना. आपण गोड बोलून कुणाला तरी वाचवतो, असंच ती इतके दिवस समजत होती. आणि ही बाई तिच्या हातावर हात ठेवून ते दुःख पुरतं बघून बसली होती.

बाहेर चपला घालताना रोहितने हळूच विचारलं, "बाकीचेबी?" तिने मान हलवली. "बैलबी नाई सापडला?" तिने पुन्हा मान हलवली. आईचा हात धरून तो निघून गेला.

सोमवारी तो बसमध्ये मागच्या बाकावर बसला. मंगळवारीही. मूर्तिजापूर आलं की तिच्या बाजूने जायचा, पण नजर थेट दारावर. रागावला असता, तणतणला असता, तर तिला परवडलं असतं. पण आता तिचं कुठलंच वाक्य त्याला खरं वाटणार नव्हतं, आणि ही गोष्ट तिला आतून कुरतडत होती. त्या आठवड्यात एका आजोबांनी विचारलं, "दुखन का?" दामिनी म्हणाली, "हो. दुखेल. पण मी हात सोडणार नाही." आजोबांनी दात-ओठ खाल्ले, पण पाय ढिला सोडला.

दुसऱ्या दिवशी ती सरळ मागच्या बाकावर जाऊन त्याच्या शेजारी बसली. मोबाइल पिशवीतच होता. त्याने विचारायची वाट न पाहता तिने सुरुवात केली. बैल सापडत नाही. म्हातारा रिकामा कासरा खुंटीला टांगतो. स्टेशनवर ती पोचते तेव्हा गाडी गेलेली असते. मास्तरांची शाळा उघडत नाही. धाकटी बहीण वाचत नाही... एकेक करत तिने सगळे खरे शेवट सांगितले, काहीही न वगळता, काहीही न मऊ करता. दवाखान्यातलं ते 'अगदी थोडंसं'सुद्धा सांगून टाकलं. समोरच्या बाकावरच्या एक बाई मागे वळून ऐकू लागल्या आणि हळहळल्या. रोहित मात्र खाली बघत होता.

"संपले?" शेवटी त्याने विचारलं.

"संपले."

"मले हे अंधारे कधी आवडलेच नाई," तो म्हणाला. "चांगले असतीन, मायले आवडले. पन मी ज्याचे गुन गाऊन राहिलो होतो ना... तो डायरेक्टर अंधारे नोयच." आता त्याने वर पाहिलं. "राग शेवट बदलल्याचा नाई आला. तुमी मले पेशंट समजल्या, याचा आला."

कंडक्टरने मूर्तिजापूरची हाळी दिली. चार माणसं उतरली. रोहित हलला नाही.

"तुमचा स्टॉप..."

"जाऊ द्या. एक खरं सांगा, मंग उतरतो. पुढच्या फाट्यावर उतरतो पायजे तं. पन दवाखान्यातल्या आवाजात नाई."

बस सुटली. दामिनीने खोल श्वास घेतला. अमरावतीत पाच वर्षं घासूनपुसून ठेवलेली तिची भाषा त्या क्षणी कुठे गेली, देव जाणे. घरात, आईशी भांडताना बोलायची ती भाषा तोंडात आली.

"तुह्या त्या वीरराजूचा एकबी पिच्चर मले सहन नाई होत. तुले वाईट वाटू नये म्हनून तो बरा आहे म्हनलं, ते खोटं होतं. तू बसमध्ये लय जोरात बोलतं, सगळे पायतात. अन सोमवारपासून तू माह्याशी बोलला नाई, तं मले जेवन गेलं नाई." ती थांबली. इथे तिला नेहमी काहीतरी गोड सुचायचं. आज सुचलं नाही. "मले तू पायजे, रोहित. सुखानं होईन का कसं होईन, मले नाई माईत. पन तूच पायजे."

समोरच्या बाई घाईघाईने पुढे बघू लागल्या.

रोहितने तिचा हात हातात घेतला, कलमं धरायचा तसाच, जपून.

"वीरराजूवालं खरं आहे?"

"हाव."

"अन नंतरचं?"

"तेबी."

"एक तरी खोटं सांगतलं असतं बाप्पा," तो म्हणाला, आणि नेहमीसारखाच मोठ्याने हसला. सगळ्या बसने मागे वळून पाहिलं. दामिनीने हात काढून घेतला नाही.