भिंतीकडच्या बाजूला

"माझ्या भाचीला वाटलं होतं, खिडकीतून शहर दिसेल."

मामांनी गोष्टीला सुरुवात केली ती अशी. जेवणं आटोपून आम्ही गच्चीवर चटया टाकल्या होत्या. मामांनी आयुष्यभर भाड्याची गाडी चालवली. अजूनही बोलताना त्यांची डावी मूठ मांडीशेजारी असते, गिअरवर ठेवल्यासारखी.

"फ्लॅट भाड्यानं घेतला तेव्हा फोनवरच्या फोटोत तसंच होतं ना. पाचवा मजला, मोठी काच, काचेपलीकडे दिव्यांचा नुसता सडा. मुलांना खिडकीत बसवायचं आणि बोट करून दाखवायचं, तो बघा पूल, तो बघा मनोरा. वर्षभर त्या सुट्टीची स्वप्नं पाहिली बिचारीनं. प्रत्यक्षात पडदा सारला तर समोर दुसऱ्या इमारतीची भिंत. हात लांब केला की लागेल इतकी जवळ. सांडपाण्याचे पाइप, पाइपांवर कबुतरं. झालं. संपलं शहर."

"मामा, आम्ही भुताची सांगा म्हटलं होतं," माझा धाकटा भाऊ म्हणाला. "ही तर फसवणुकीची निघाली."

"आत्ता कुठं गाडी सुरू केली. लगेच पोचायचंय का तुला?" मामा म्हणाले. "आणि ऐका, ही बनवलेली नाही. सख्खी भाची आहे माझी. सकाळी त्यांना आणायला मी स्वतः गेलो होतो. घडलं ते आदल्या रात्री, गेल्या डिसेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी. मध्यरात्रीला थोडाच वेळ होता."

मग ते सावकाश सांगू लागले.

भाची शाळेत खेळ शिकवते. साठ मुलं मैदानावर न्यायची आणि साठच्या साठ परत आणायची, हे तिचं रोजचं काम. त्यासाठी तिची एक पद्धत आहे. दोन टाळ्या. टाळ्या झाल्या की ज्यानं त्यानं आपला नंबर ओरडायचा. मान वर करून मोजत बसायला नको, नुसते कान पुरतात. घरातही तेच. मोठा एक नंबर, धाकटी दोन. मोठा आठ वर्षांचा, त्याला सगळे दादाच म्हणतात. धाकटी चारची. एवढीशी, गोलमटोल, म्हणून तिचं नाव पडलं बटण. जावईबापूंचं चष्म्याचं दुकान आहे. माणूस गमत्या. ते विचारायचे, "आणि मी कोण मग?"

"तुम्ही शून्य," भाची म्हणायची. "मिळवा नाहीतर वजा करा, काही फरक पडत नाही."

शहरात तीन दिवस हेच चाललं होतं. संग्रहालयात टाळ्या, रस्ता ओलांडताना टाळ्या, मत्स्यालयाच्या गर्दीत टाळ्या. लोक वळून बघायचे. एक! दोन! पोरं खुशीत ओरडायची. खिडकीचं दुःख भाची विसरली होती. एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून जात नव्हती. जिना.

जिन्याचा कठडा दुरुस्तीसाठी काढून ठेवला होता आणि त्याच्या जागी बांधली होती नायलॉनची दोरी. एकच. मोठ्या माणसाच्या कमरेला लागेल, आणि लहान मूल न वाकता खालून जाईल, अशी. पाच मजले सरळ खाली. भाचीनं फ्लॅटच्या मालकाला फोन करून चांगलं फैलावर घेतलं. "अहो, मुलाबाळांची माणसं उतरवता तुम्ही इथं! एखादं पोर गेलं खाली तर?"

तो म्हणाला, "लिफ्ट आहे ना, मॅडम."

लिफ्ट आहे. भाचीनं फोन ठेवला. तिनं मुलांना दम भरला, जिन्याकडे फिरकायचं नाही.

गुरुवारी संध्याकाळी दादाला ताप भरला. रात्री अंग भट्टीसारखं तापलं. औषधांचा डबा घरीच राहिला होता, त्यावरून नवराबायकोचं थोडं वाजलं.

"मी म्हटलं होतं, डबा भर."

"तुम्ही म्हटलं होतं, मी भरलाय."

जावईबापू मुकाट्यानं उठले. खिशात फोन टाकला आणि रात्रभर उघडं असणारं औषधांचं दुकान शोधायला निघाले. भाची तेव्हा न्हाणीघरात कपाळावरची पट्टी ओली करत होती. "येतो गं, दार ओढून घेतो," एवढं तिनं ऐकलं. दाराचा आवाज आला. लिफ्ट खाली पोचल्याचा आला.

आणि वीज गेली.

"फोन?" मी विचारलं.

"तिचा फोन पोरांनी खेळून खेळून मारला होता. चार्जिंगला लावलेला, पण जीव आला नव्हता त्यात. आणि अंधार म्हणजे कसा? रस्त्यावरचा उजेडसुद्धा नाही. समोर भिंत!"

ती चाचपडत पलंगापाशी आली. पलंग भिंतीला लावलेला होता. झोपायची रीत ठरलेली. भिंतीकडे बटण, म्हणजे पडायला नको. मध्ये भाची. बाहेरच्या कडेला दादा. तिच्या हाताला दादाचा गरम पाय लागला. तिनं पट्टी ठेवली. मग दोन टाळ्या वाजवल्या. हळूच.

"एक," दादा म्हणाला. घसा कोरडा पडला होता त्याचा.

मग जरा वेळ काही नाही.

"दोन."

भिंतीकडून आला आवाज. भाचीचा जीव भांड्यात पडला. "झोप हं बटण. पप्पा येतायत." ती दोघांच्या मध्ये आडवी झाली. एक हात दादाच्या कपाळावर. दुसऱ्या हातानं धाकटीला थोपटू लागली.

मामांनी इथं पाण्याचा तांब्या उचलला, आणि न पिताच खाली ठेवला.

पंखा बंद. आवाज कसलाच नाही. ती थोपटत होती. थोपटता थोपटता हात केसांवर गेला. बटणाचे केस खांद्यापर्यंत. हात फिरत होता. मान. केस. खांदा. केस. पाठ...

केस.

तिला वाटलं, पांघरुणाची झालर असेल. बोटं आणखी खाली गेली. कंबर. केस होतेच. मऊ. गार. गुडघ्यापाशी... होतेच. पलंगाच्या फटीतून भिंतीच्या कडेनं खाली गेलेले...

"मामा, पुरे," बहीण म्हणाली. ती सरकून माझ्या अंगाला चिकटून बसली होती.

"तिनं हात काढला नाही," मामा म्हणाले. "मी विचारलं तिला नंतर, का गं काढला नाहीस? म्हणाली, मामा, हात काढला असता तर तिला कळलं असतं, की मला कळलंय."



ती थोपटत राहिली. तिच्या डोक्यात एकच विचार. हे जर बटण नाही, तर बटण कुठंय?

ती उठून बसली. आणि टाळ्या वाजवल्या. मैदानावर वाजवते तशा, जोरात.

"एक..."

"दोन." तिच्या शेजारून.

आणि दाराबाहेरून, लांबून, जिन्याच्या पोकळीतून घुमत आला...

"दोन!"

दोन्ही आवाज बटणाचेच. तोच बोबडेपणा. फरक शून्य. काय झालं होतं, ते तिच्या एकदम लक्षात आलं. पप्पा निघाले तशी बटण जागी होऊन त्यांच्या मागं गेली असणार. दार नीट लागलं नव्हतं. लिफ्ट मिटली, दिवे गेले, आणि पोर जिन्यावर राहिली. त्या जिन्यावर.

पण शेजारून आवाज आला, "आई, मी इथंच आहे. बाहेर कुणी नाही."

भाचीनं दादाचं मनगट धरलं.

"बाहेर जाऊ नको. दादाला ताप आहे."

आणि बाहेरून, रडवेली, संतापलेली हाक आली. "दोन म्हटलं ना मी! किती वेळा म्हणू?"

मामा हसल्यासारखे झाले, पण हसले नाहीत. "तिथं ठरलं. भाची म्हणाली, मामा, आतली शहाण्यासारखी बोलत होती. माझी बटण झोपेतून उठवल्यावर आजवर कधी शहाण्यासारखी बोललेली नाही."

तिनं दादाला उचललं. आठ वर्षांचा घोडा, तापलेला, पण कडेवर घेतला. बिचकत नाही, धावत नाही, एकेक पाऊल. मागून पांघरूण सरकल्याचा आवाज आला. केस फरशीवरून ओढत येतात तसा काहीतरी...

"आई. मला नाही नेणार?"

तिनं वळून बघितलं नाही. बघून दिसणार तरी काय होतं?

दार उघडंच होतं. बाहेर जरा गार हवा. तिनं दादाला भिंतीला पाठ लावून बसवलं. "इथून हलायचं नाही." आणि स्वतः गुडघ्यांवर आली. रांगत. एक हात भिंतीला. एक हात पुढं.

"बटण."

"काय."

"हलू नकोस. आई येतेय."

"नाहीच हलत. मला सांगितलंय, हलायचं नाही."

"कुणी?"

भाचीचा हात चाचपडत पुढं सरकला.

"बटण... कुणी सांगितलं?"

"ताईनं."

एक पायरी. दुसरी. तिच्या हाताला पाऊल लागलं. अनवाणी, छोटंसं, उबदार. तिनं ते घट्ट धरलं आणि पोरीला ओढून छातीशी घेतलं.

खालून उजेड आला. लिफ्ट बंद म्हणून जावईबापू फोनचा दिवा दाखवत जिना चढून येत होते. उजेड पायरीवर पडला. पोर बसली होती ती जागा दिसली. अगदी काठावर, दोरीच्या पलीकडच्या बाजूला. एक पाऊल भाचीच्या हातात सापडलं होतं. दुसरं इतका वेळ हवेत लोंबत होतं.

मग उजेड बटणाच्या डोक्यावर पडला. संध्याकाळी मोकळे सोडलेले केस... सगळ्या डोक्यावर वेण्या. उंदराच्या शेपटीसारख्या बारीक. घट्ट घातलेल्या. एकसारख्या.

"अरे बाप रे," भाऊ पुटपुटला.

"जावईबापू आत जाऊन बघून आले. पलंग रिकामा. पांघरूण खाली पडलेलं. रात्री त्यांनी मला फोन केला. मी तशीच गाडी काढली. उजाडता पोचलो, तर चौघं खाली वॉचमनच्या खोलीत. दादाचा ताप उतरलेला, बटण गाढ झोपलेली. वीज आली होती. सामान आणायला आम्ही वर गेलो. लख्ख उजेडात ती खोली अशी साधी दिसत होती, की मलाच लाज वाटली. म्हटलं, अंधारात बाईमाणूस घाबरलं असेल. वेण्या काय, दादानं नाहीतर तिनंच घातल्या असतील. म्हणजे, मी तसं बोललोच. तर भाचीनं बटणाला माझ्यासमोर उभं केलं. मामा, टोकं बघ, म्हणाली."

वेणीच्या टोकाला रबर नव्हतं, रिबीन नव्हती. केस होता. काळाभोर केस, फिरवून फिरवून बांधलेला. भाचीचे स्वतःचे केस पोरासारखे कापलेले आहेत. त्या घरात एवढा लांब केस कुणाचाच नाही.

"त्या ताईनं घातल्या?" भाचीनं विचारलं.

बटणानं मान डोलावली. "ती म्हणाली, तू इथं बस, नाहीतर पडशील. तिला आईजवळ झोपायचं होतं. म्हणाली, थोडाच वेळ."

जावईबापूंचा चेहरा पांढरा पडला. "चल. सोड त्या वेण्या घरी जाऊन. गाडीत सोड. पण आधी चल इथून."

"सोडायच्या नाहीत," बटण म्हणाली. "ती येऊन सोडणारे. आपल्या घरी."

खाली रस्त्यावरून एक सायकल गेली, तिची घंटी सुद्धा आम्हाला नको झाली.

"भाचीनं खांद्यावरची पिशवी खाली ठेवली," मामा म्हणाले. "जावईबापू म्हणाले, अगं, वेड लागलंय का? ती म्हणाली, या वेण्या माझ्या घरी येणार नाहीत. ते म्हणाले, त्या... जे काही होतं, त्यानं पोरीला ढकललं असतं तर? ती म्हणाली, ढकललं नाही ना. धरून बसवलं. मग काय आभार मानू का, ते ओरडले."

ती पलंगावर बसली, बटणाला पायांत घेतलं आणि सोडायला लागली. घाई नाही. चिडचिड नाही. एका मुलीच्या डोक्यावर दुसऱ्या मुलीनं मन लावून केलेलं काम सोडवावं, तशी. बटण रडली, हातपाय झाडले. तिनं ऐकलं नाही. गाठ सोडायची, केस तळहातावर घ्यायचा, पुढची गाठ. मामा दारात उभे. त्यांना वाटलं, प्रत्येक वेणीला वेगळा केस निघेल. निघाला नाही. एका वेणीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर... शेवटची गाठ सुटली तेव्हा भाचीच्या तळहातावर वेटोळं होतं. एकच केस. सगळ्या वेण्यांना मिळून एक. कुठं तुटलेला नाही.

"फेकून दे," जावईबापू म्हणाले. "जाळ."

तिनं फेकला नाही. जाळला नाही. पलंगावर भिंतीकडच्या बाजूला ठेवला. मग बटणाला कडेवर घेतलं, दादाचा हात धरला, मामांना आणि जावईबापूंना पुढं काढलं. दार ओढताना ती उंबऱ्यात वळली. मुलं शाळेबाहेर मागं लागतात तेव्हा बोलते ना, त्या आवाजात म्हणाली. मऊ, पण ठाम.

"तू इथंच राहायचं, बाळा. आमच्या मागं यायचं नाही."