उकळत्या पाण्यातला थंड आकडा

रात्रीचे सात चाळीस. डिसेंबरची पौर्णिमा नुकतीच होऊन गेलेली. नान शहरातून डोंगराकडे जाणारा रस्ता, त्यावरचा अरुंद सिमेंटचा पूल. गाडीत दोघं. त्यातला एक जिवंत.

जिवंत होता तो विरत. आमच्या मागच्या गल्लीत राहायचा. दवाखान्यात माणूस गेलं की त्याचा देह गावी पोचवायचा, हे त्याचं काम. गाडी एका धर्मादाय संस्थेची. संस्थेचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही दोघं उद्या सकाळी माइक घेऊन तिथे हजर.

"लुंग, तुमची सगळी भुतं शेवटी कुठल्या ना कुठल्या कमिटीतच निघतात," निरमोन म्हणाली. दोघं नवे बातमीदार; मला लुंग, म्हणजे काका, म्हणतात. तिच्या शेजारी कोराविक नूडल्सच्या वाडग्यात तोंड घालून हसला.

हसा. तुमचे केस पिकेपर्यंत कमिट्यांच्या बैठका कव्हर करा, मग बोलू.

तर त्या रात्री गाडीत मागे होती बुआखम आजी, सगळ्यांची याय. सत्तरीची म्हातारी, छातीच्या दुखण्याने गेली. तुम्ही शहरात वाढलात म्हणून सांगतो. मेलेल्या माणसाला घरी नेताना वाटेत हाका द्यायच्या असतात. वळण आलं, चौक आला, सांगायचं. पूल आला तर सांगायचंच. नाहीतर देह पलीकडे जातो आणि माणूस अलीकडे उभं राहतं. हे काम घरच्यांचं. पण म्हातारीची एकुलती मुलगी सीनुअन गावात लोकांसाठी भात शिजवत बसली होती. बरोबर यायला दुसरं कोणी नव्हतं. विरत तिला फोनवर म्हणाला, मी देतो हाका, तू काळजी करू नकोस.

दिल्याही त्याने. प्रत्येक वळणाला. पुलापर्यंत.

गाडी जुनी. घाटात तापायची. विरतने संस्थेला दोनदा सांगितलं होतं, एकदा माझ्यासमोर. संस्थेने त्या वर्षी देणग्यांतून दारावर सोनेरी कमान उभी केली. गाडीला फक्त नवीन स्टिकर मिळालं. म्हणून विरत सगळी वाट तापमानाच्या काट्याकडे बघत होता. काटा पुलाजवळ येईपर्यंत मध्यावर होता. पुलावर चढताना तो खाली आला. अगदी खाली. गाडी रात्रभर अंगणात उभी राहिल्यावर असतो, तिथे.

विरतला बरं वाटलं. चला, तापत नाही.

पूल ओलांडला. पुढच्या वळणावर बॉनेटमधून वाफ आली. मग ठोका. मग काहीच नाही. इंजिन जाम. काटा अजून खालीच.

गावातून पिकअप आली. माणसांनी म्हातारीला उचलून त्यात ठेवलं. सीनुअन पिकअपमधून उतरली आणि तिने एवढंच विचारलं,

"विरतदादा, पुलावर हाक दिलीत ना?"

"दिली," विरत म्हणाला.

संस्थेने लगेच ठरवून टाकलं. विरतने पाणी न बघता गाडी दामटली, काटा वर गेला तरी थांबला नाही, इंजिन जाळलं. नोकरी गेली. विरत म्हणत होता, काटा वर गेलाच नाही. खरं कोण, हे सांगणारी वस्तू एकच होती. इंजिनमधल्या पाण्याचं तापमान मोजणारा सेन्सर. अंगठ्याएवढा. तो इंजिन थंड असल्याचं सांगत राहिला, तर काटा चढत नाही, पंखा सुरू होत नाही, आणि इंजिन बिचारं आतल्या आत जळतं. सेन्सर खराब निघाला तर विरत सुटणार होता. मीच भांडून संस्थेला चाचणीला राजी केलं.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही लुंग इन्ताच्या गॅरेजात जमलो. इन्ता, विरत, मी, आणि संस्थेचे सचिव सोंफोप, छातीवर संस्थेचं चिन्ह असलेलं जॅकेट घालून. इन्ताने शेगडीवर पातेलं ठेवलं. पाण्यात तारेने सेन्सर सोडला, शेजारी थर्मामीटर. सेन्सरच्या दोन टोकांना मीटर लावलं.

"बघा साहेब, सोपं आहे," इन्ता म्हणाला. "पाणी गार असताना मीटरवर आकडा मोठा. पाणी तापलं की आकडा उतरत जातो. नाही उतरला, तर सेन्सर मेला."

"मला शिकवू नका," सोंफोप म्हणाले.

"नाही हो. म्हटलं, उकळलंच आहे तर नूडल्सही टाकू का तुमच्यासाठी?"

पाणी तापलं. कडेला बुडबुडे. थर्मामीटर चढत गेला. आकडा हलला नाही.

पाणी खळखळ उकळायला लागलं. आकडा तिथेच. इन्ताने तारा खरवडून पुन्हा लावल्या. दुसरं मीटर आणलं. तोच आकडा. डिसेंबरच्या रात्रीचा.

"मेलाय," इन्ता म्हणाला.

"लिहून द्या," मी सोंफोपना म्हणालो. "आत्ता. इथेच. सेन्सर खराब, ड्रायव्हर निर्दोष."

त्यांनी तोंड वाकडं केलं. पण पेन काढलं. टोपण उघडलं.

तेवढ्यात माझं लक्ष विरतकडे गेलं. तो शेगडीला चिकटून उभा होता. त्याच्या तोंडातून वाफ येत होती. श्वासाची. थंडीत येते तशी. आमच्यापैकी कोणाच्याच येत नव्हती.

"मी हाक दिली नव्हती," तो म्हणाला.

"काय?"

"पुलावर. काट्याकडे बघत होतो. राहिली." तो मीटरकडे बघत होता. "ती तिथेच आहे, लुंग. गारठ्यात."

इन्ता जाणता माणूस. त्याने विरतचा दंड धरला. हळू बोलला. "सही होऊ दे आधी, बाबा. मग पुलावर जा. मी येतो बरोबर. पण आत्ता... आत्ता तोंड उघडू नकोस."

विरतने पेनाकडे पाहिलं. त्याला सगळं कळत होतं, एवढं मी शपथेवर सांगतो. चेहऱ्यावर काही नव्हतं. राग नाही. भीती नाही. झोपेतून उठवलेल्या माणसासारखा चेहरा.

मग तो पातेल्यावर वाकला.

"याय... पूल आला. चला."

...



मीटरवरचा आकडा हलला. उतरला. अजून उतरला. उकळत्या पाण्यात जिथे हवा, तिथे येऊन थांबला.

सोंफोपनी पेनाला टोपण लावलं.

"सेन्सर उत्तम आहे," ते म्हणाले. आणि सेन्सर फडक्यात गुंडाळून पुरावा म्हणून घेऊन गेले.

कोराविकने वाडगा खाली ठेवला होता. "आतलं कनेक्शन सैल असेल," तो म्हणाला. "गरम झाल्यावर जुळलं असेल."

असेल. मीही तेच छापलं. सैल कनेक्शन असलेला सेन्सर चांगला कसा, असं विचारलं. संस्थेने उत्तर दिलं नाही. विरत आता भावाच्या मळ्यात लिची सांभाळतो. मी त्याला एकदा विचारलं, सही होईपर्यंत का थांबला नाहीस? त्याने लिचीच्या बुंध्याला पाणी सोडलं. मग म्हणाला, "तिला थंडी वाजत होती." एवढंच. ना तक्रार, ना काही.

"आणि गाडी?" निरमोनने विचारलं.

गाडी संस्थेच्या मागच्या आवारात आहे. इंजिन काढून भंगारात विकलं. बॅटरीही काढली. गेल्या थंडीत मी तिथे गेलो होतो. सकाळी. धुकं होतं, ऊन पडायचं होतं. टपावर दव. काचांवर दव. दारांवरून थेंब ओघळत होते.

बॉनेट कोरडं होतं.

मी हात ठेवला. गरम. गारठलेल्या म्हातारीला ऊब मिळेल, इतकं.

बॉनेट उचललं. आत जमीन दिसली. गवत होतं. ...दुसरं काही नव्हतं.

इंजिन नसलेली गाडी कशाने तापते, असं मी संस्थेला लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.