जत्रेच्या मैदानावरचं हॉटेल

आकाशपाळण्यात मी बसले ती भाचीच्या, माहनूरच्या हट्टापायी, आणि पाळणा नेमका आम्ही टोकावर असताना बंद पडला. खाली कळंबची माघातली जत्रा पसरलेली. माहनूर खुशीत होती, मी डोळे मिटून दुआ पुटपुटत होते. डोळे उघडले तर शेजारच्या लोखंडी आऱ्यावर एक माणूस हातात पाना घेऊन उभा.

"घाबरू नका मॅडम. वरून गाव चांगलं दिसते," तो म्हणाला. "पाहून घ्या फुकटात."

असल्या वेळी गोड बोलणाऱ्यांचा मला राग येतो. याचा आला नाही... तेव्हाच सावध व्हायला हवं होतं.

पुढच्या आठवड्यात बँकेकडून एक फाईल आमच्या यवतमाळच्या ऑफिसात आली. हॉटेलं, लॉज, मंगल कार्यालयं यांची किंमत ठरवून बँकेला कळवायची, हे आमचं काम. कळंबजवळ थीम पार्क आणि रिसॉर्ट, कर्ज मागणारा आसिम शेख, राहणार नेर. जागेवर गेले तर जत्रा उठून गेलेल्या त्याच नाल्याकाठच्या सपाट मैदानात तोच माणूस चुन्याच्या रेघा मारत होता. मला पाहून चुना बुटांवर सांडला त्याच्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आसिमचे आजोबा, अब्बा, सगळे जत्रेतले पाळणेवाले. एका गावी पाळणा उभारायचा, जत्रा उठली की उतरवायचा, ट्रकात घालून पुढचं गाव. अब्दुल गनींचे, म्हणजे अब्बांचे, गुडघे आता पार गेले होते. आसिमला एकाच जागी राहायचं होतं. इथे पाळणे, तिथे पाण्याच्या घसरगुंड्या, आणि मधोमध हॉटेल, खिडकी उघडली की समोर पाळणा फिरताना दिसावा असं. "एक डाव बसवला का पुन्हा उतरवाचा नाई," असं तो म्हणायचा, तेव्हा त्याच्या आवाजात लहान मुलासारखं काहीतरी यायचं.

कामाला एक चक्कर पुरली असती. मी उगाचच आणखी जात राहिले.

"जागा पाहाले येता का मले?" त्याने एकदा विचारलंच.

"जागाच. तुम्ही मध्ये मध्ये येता."

"मंग सरकू का?"

"...नको. राहू द्या."

त्याच दिवशी मला मैदानातली एक बाभूळ दिसली. माझ्या डोक्याच्याही वर, फांद्यांच्या बेचक्यात वाळका पालापाचोळा आणि चिंध्या घट्ट अडकलेल्या. आसिम म्हणाला, जत्रेचा कचरा, वाऱ्याने उडालेला. मला ते पटलं नाही, पुराच्या पाण्याने आणून अडकवल्यासारखं वाटलं. पावसाळ्यात इथे काय असतं, असं मी विचारलं, तेव्हा कळलं. पावसाळ्यात तो इथे कधी आलाच नव्हता! जत्रा कोरड्या दिवसांत भरतात. पावसाळाभर पाळणे नेरच्या गोदामात आणि पाळणेवाले घरी. मैदान त्याने जन्मभर पाहिलं होतं, पण अर्धं वर्षच.

वरच्या तांड्यातल्या भुरीबाई बकऱ्या घेऊन चालल्या होत्या. त्यांना विचारलं. "पयले महिनाभराचा पाऊस महिनाभर पडे," त्या म्हणाल्या. "आता एका दिवसात पडते. मंग इथं नाला कोणता अन् मैदान कोणतं, काही समजत नाई."

आसिमला मी सगळं समजावलं. उन्हाळ्यात घसरगुंडीचा पत्रा तव्यासारखा तापणार आणि पाणी टँकरने आणावं लागणार, तो भाग वेगळाच. पण ज्या हॉटेलात एकदा पाणी शिरलं, त्याची किंमत पाणी ओसरलं तरी वर येत नाही. विमावाले हात वर करतात, गिऱ्हाईक फिरकत नाही, हप्ता मात्र दारात उभा राहतो. त्याने ऐकून घेतलं, चुन्याचं घमेलं उचललं आणि निघून गेला. नंतर फोन नाही, काही नाही. माझं कामात लक्ष लागेना. कोणाचं तरी घर मी माझ्या हाताने मोडतेय असं वाटत होतं, आणि तो समोर नाही याने जीव नुसता कासावीस व्हायचा.

शेवटी तोच ऑफिसात आला. मी त्याला समोरच्या रसवंतीत नेलं.

"रिपोर्टात काय लिवलं?"

"मी नाई लिहून राह्यली. फुलचंदजी लिहितील." फुलचंदजी म्हणजे आमचे साहेब.

"काहून? दुसऱ्याच्या हातानं कायले मारता? तुमीच मारा ना."

"ते बी हेच लिहितील, आसिम. जागा खराबच आहे. पण आपल्या माणसाच्या मालमत्तेची किंमत आपण लावाची नसते, असा नियम आहे आमच्यात. मी सकाळीच त्याईले सांगितलं. माह्यं या माणसावर प्रेम आहे, फाईल तुमी घ्या म्हणून."

त्याने रसाचा ग्लास खाली ठेवला.

"मले सांगाच्या आधी त्याईले सांगितलं?"

"पहिले ऑफिसात सांगा लागते."

तो हसला, आणि मग डोळे पुसले. मी घाईघाईने बाकीचं बोलून टाकलं. खोल्या वर बरडावर, म्हणजे उंचावरच्या मुरमाड जमिनीवर, तांड्याच्या बाजूला बांधता येतील. तिथलं कर्ज कोणीही नाकारणार नाही. पाळणे खाली मैदानातच उभारायचे, पण पावसाळ्याआधी खोलून वर न्यायचे. हॉटेल उतरवता येत नाही, पाळणा येतो.

"म्हणजे दरसाल उतरवाच लागन," तो हळूच म्हणाला. त्याला ते किती लागलं, मला दिसत होतं.

"हो."

"उतरवतानी खाली एक माणूस लागते. वरच्याले सांगाले, कोणता नट आधी. अब्बाच्यानं आता उभं नाई राह्यल्या जात."

"मले शिकवसान?" मी म्हटलं. "पावसाच्या आत शिका लागन."